कार्डावरचे आणि कार्डाबाहेरचे

आमच्या कचेरीत दुपारी डबे उघडले की वर्तमानपत्राची पानेही सुटी होतात. कुणाच्या हाती राजकारण, कुणाच्या हाती बाजारभाव, कुणाच्या हाती खेळाचे पान. २०२२ च्या ऑगस्ट महिन्यात खेळाचे पान वाचणारा सहकारी एकदम ओरडला, "अहो, अमेरिकेत एक कार्ड एक कोटी सव्वीस लाख डॉलरला विकले गेले!" आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर, म्हणून रुपयांचा हिशेब आमच्याकडे आला. त्या वेळच्या दराने सुमारे शंभर कोटी रुपये! हाताच्या तळव्याएवढ्या पुठ्ठ्याच्या तुकड्याला शंभर कोटी! सगळे हसले. "वेड्यांचा बाजार," असे म्हणून डबे बंद झाले.

आम्हीही हसलो खरे, पण ती गोष्ट डोक्यातून जाईना. त्या तुकड्यावर चित्र कोणाचे? ते कोणी छापले, कशासाठी छापले? आणि चित्रे ज्यांची छापली गेली नाहीत त्यांचे काय? मिळेल तिथून वाचत गेलो, आणि जे हाती लागले ते आज वाचकांपुढे ठेवत आहोत.

वाचकांपैकी चाळिशीच्या पुढचे जे आहेत त्यांना आठवत असेल. बबलगमच्या पुडीत क्रिकेटपटूंची चित्रे मिळत. बबलगम नको असे, चित्र हवे असे. त्याआधीच्या पिढीने काडेपेटीचे छाप जमविले आणि त्यावर डाव लावले. अमेरिकेतील पोरांचेही तेच. फरक इतकाच की तेथे क्रिकेट नसून बेसबॉल आहे. हाही चेंडू-बॅटचाच खेळ. चेंडू फेकणारा तो पिचर, फटका मारणाऱ्याच्या पाठीमागे बसून आपल्या यष्टिरक्षकाप्रमाणे चेंडू अडविणारा तो कॅचर. तेथील सर्वांत वरच्या दर्जाच्या सामन्यांना मेजर लीग म्हणतात. एवढे ठाऊक असले म्हणजे पुढचे समजते.

या कार्डांची सुरुवात मात्र बबलगमपासून झालेली नाही. ती झाली सिगारेटपासून. पाकीट चेपू नये म्हणून आत पुठ्ठ्याचा तुकडा घालत, त्यावर खेळाडूचे चित्र छापले की गिऱ्हाईक पुन्हा तेच पाकीट मागते, हे तंबाखूवाल्यांनी ओळखले. १९०९ ते १९११ या काळात अमेरिकन टोबॅको कंपनीने जो संच काढला तो संग्राहकांत फार प्रसिद्ध आहे. त्यात ५२४ वेगवेगळी कार्डे. रुंदी जेमतेम दीड इंच.

त्यातले सर्वांत दुर्मीळ कार्ड होनस वॅग्नर या खेळाडूचे. जर्मनीहून आलेल्या कोळसा खाणकामगाराचा हा मुलगा. बाराव्या वर्षी शाळा सुटली आणि तोही खाणीत उतरला. पुढे पिट्सबर्गच्या संघात असा खेळला की १९३६ साली बेसबॉलच्या कीर्तिमंदिरात ज्या पहिल्या पाच जणांची निवड झाली, त्यांत त्याचे नाव होते. त्याने आपले कार्ड छापणे बंद करविले. कोणी म्हणतात, आपल्या चित्रासाठी पोरांनी तंबाखू विकत घ्यावी हे त्याला पटले नाही. कोणी म्हणतात, कंपनी पैसे देत नव्हती म्हणून. तो स्वतः तंबाखू चघळत असे, तेव्हा पहिले कारण ऐकून काही लोक हसतात. आम्ही हसत नाही. स्वतःला तंबाखूचे व्यसन असूनही पोराच्या हाती पुडी पाहिली की कानाखाली देणारे बाप आम्ही वस्तीत पाहिले आहेत. ते असो. आज त्याची साठेक कार्डे उरली आहेत आणि त्यांतले एक २०२२ मध्येच साडेबहात्तर लाख डॉलरला गेले.

आता मुद्द्यावर येतो. या ५२४ कार्डांत गोरे शेतकरी आहेत, गोरे खाणकामगार आहेत, आयरिश आहेत, जर्मन आहेत. कृष्णवर्णीय माणूस एकही नाही. शोधून सापडायचा नाही!

तो खेळत नव्हता म्हणून नाही, असे नव्हे. मोझेस फ्लीटवुड वॉकर नावाचा शिकलेला कृष्णवर्णीय कॅचर १८८४ साली टोलेडोच्या संघातून मेजर लीगमध्ये उघडपणे खेळला होता. त्याच्यासोबत मैदानात उतरायला काही गोऱ्या खेळाडूंनी नकार दिला. हळूहळू संघमालकांत एक समजूत पक्की झाली की काळ्या माणसाला घ्यायचे नाही. कोठे लिहिलेले नाही, कोणाची सही नाही. अशा न लिहिलेल्या नियमांची ताकद किती असते, हे या साप्ताहिकाच्या वाचकांना आम्ही काय सांगावे? वॉकरच्या नंतर दुसरा कृष्णवर्णीय खेळाडू मेजर लीगच्या मैदानावर उतरला तो थेट १९४७ साली. बासष्ट वर्षे रिकामी गेली.

तेथल्या मूळ निवासी जमातींच्या माणसाला मात्र प्रवेश होता. त्यांना ते लोक इंडियन म्हणत. चार्ल्स बेंडर हा त्यांच्यातला नामांकित पिचर. पण प्रवेश होता म्हणजे मान होता असे समजू नये. असा कोणीही खेळाडू आला की वृत्तपत्रे आणि प्रेक्षक त्याला 'चीफ', म्हणजे टोळीचा नाईक, म्हणून हाका मारत. बेंडरला ते आवडत नसे. सही करताना तो आपले नाव चार्ल्स बेंडर असेच लिही.

हे सांगण्याचे कारण, याच फटीतून एक माणूस आत शिरला. त्याचे नाव जिमी क्लॅक्स्टन.

क्लॅक्स्टनचा जन्म १८९२ चा, कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरचा. आई गोरी. वडिलांच्या बाजूने कृष्णवर्णीय आणि इंडियन रक्त. डाव्या हाताने चेंडू फेकणारा हा पिचर १९१६ साली कॅलिफोर्नियातील ओकलंडच्या संघाकडे आला. मेजर लीगच्या खालोखाल दर्जाच्या पॅसिफिक कोस्ट लीगमधला हा संघ. एका इंडियन ओळखीच्या माणसाने त्याला आपल्याच जमातीचा म्हणून पुढे केले. कातडीचा रंग थोडा गडद, पण इंडियन म्हटल्यावर चालून गेले. २८ मे १९१६ रोजी एकाच दिवशी दोन सामने होते. दोन्ही सामन्यांत क्लॅक्स्टनच्या हाती चेंडू आला. थोडा वेळच, पण आला.

आणि तेवढ्यात कोणीतरी कुजबुजले. ज्याला तो मित्र समजत होता अशाच माणसाने त्याच्या घराण्यात काळे रक्त असल्याचे फोडले. जूनच्या ३ तारखेला संघाने त्याला काढून टाकले. कारण सांगितले नाही. सांगायची गरजही नव्हती. आला आणि गेला, मध्ये जेमतेम आठवडा!

पण त्याच आठवड्यात एक गंमत घडून गेली होती. सॅन फ्रान्सिस्कोची एक मिठाई कंपनी 'झीनट' नावाच्या खाऊसोबत त्या भागातील खेळाडूंची कार्डे वाटत असे. कार्डाच्या खाली एक कूपन असे, ते फाडून पोरे बक्षीस मिळवीत. या कंपनीचा छायाचित्रकार नेमका त्याच दिवसांत ओकलंडच्या संघाकडे आला. रांगेने सगळ्यांची छायाचित्रे घेतली आणि त्यांत क्लॅक्स्टनचेही घेतले. संघाने माणसाला हाकलले, पण छपाईला गेलेले चित्र कोणी परत बोलावले नाही. त्या वर्षीच्या संचात जिमी क्लॅक्स्टन आपल्या ओकलंडच्या गणवेशात छापून आला. अमेरिकेत बेसबॉलच्या कार्डावर आलेला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू तो हाच, असे जाणकार मानतात.

आम्ही कारकुनी केलेली माणसे. आम्हाला यात फायलीचा वास येतो. वरून हुकूम सुटतो, माणूस बाहेर जातो, आणि कोठल्या तरी एका रजिस्टरात त्याचे नाव राहून जाते. पुढे कोणी विचारलेच तर पुरावा म्हणून तेवढीच एक ओळ असते. क्लॅक्स्टन पुढे कित्येक वर्षे लहानमोठ्या संघांतून खेळत राहिला, म्हातारपणी त्याने वृत्तपत्राला आपली हकीकत सांगितली आणि १९७० साली तो वारला. मिठाईच्या पुडीतले कार्ड नसते तर त्या हकीकतीवर कितीजणांनी विश्वास ठेवला असता?

जाता जाता एक योगायोग. त्याच १९१६ च्या मे महिन्यात, ९ तारखेला, अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांनी भारतातील जातींवरचा आपला निबंध वाचला होता. एकोणीस दिवसांनी क्लॅक्स्टन मैदानात उतरला. दोघांना एकमेकांची खबर असण्याचे कारण नाही. पण त्या महिन्याची तारीखवार टिपणे करताना आमचा हात या ठिकाणी थांबला, म्हणून लिहिले.

दारे बंद झाल्यावर कृष्णवर्णीयांनी आपले संघ आणि आपले सामने उभे केले. १९२० साली त्यांची रीतसर लीग स्थापन झाली. त्या काळच्या शब्दात तिला निग्रो लीग म्हणत, आणि इतिहासात तेच नाव राहिले आहे. मैदाने भरत, बसमधून रात्र-रात्र प्रवास होई, हॉटेलात जागा मिळत नसे म्हणून बसमध्येच झोपावे लागे. खेळ अव्वल होता. पण सिगारेटवाल्यांना आणि बबलगमवाल्यांना ही माणसे दिसली नाहीत.

जोश गिब्सन हे त्यांतले सर्वांत मोठे नाव. जॉर्जियातून त्याचे वडील पिट्सबर्गच्या पोलाद कारखान्यात मजुरीला आले आणि मागोमाग कुटुंब आले. आपल्याकडे खेडे सोडून गिरणीत आलेल्या घरांची जी कथा, तीच ही. गिब्सन कॅचर होता आणि त्याचे फटके इतके लांब जात की त्यांच्या दंतकथा झाल्या. १९३० साली, तो अठरा वर्षांचा असताना, जुळ्यांना जन्म देताना त्याची पत्नी गेली. दोन तान्ही लेकरे आजी-आजोबांच्या ओटीत घालून हा गावोगाव खेळत फिरला. २० जानेवारी १९४७ रोजी, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी तो वारला. मेजर लीगचे दार उघडायला तीन महिने बाकी होते. १९७५ पर्यंत त्याच्या कबरीवर साधा दगडसुद्धा नव्हता.

त्याच्या हयातीत अमेरिकेतील एकाही कंपनीने त्याचे कार्ड काढले नाही. हिवाळ्यात तो पोर्तो रिको बेटावर खेळायला जात असे. तेथल्या लोकांनी तो गेल्यानंतर तीन-चार वर्षांनी आपल्या संचात त्याचे कार्ड छापले.

आता याच्याशेजारी टाय कॉब ठेवा. गोऱ्यांचा हा महान फलंदाज, त्या तंबाखूच्या संचात त्याची एकट्याची चार कार्डे! शंभर संधींत किती वेळा यशस्वी फटका, या हिशेबात कॉबचा आकडा कितीतरी दशके सर्वांच्या वर होता. हजारी मोजला तर ३६७. २०२० साली मेजर लीगने कबूल केले की निग्रो लीगचा दर्जाही आपल्याइतकाच होता, आणि मे २०२४ मध्ये तिचे आकडे अधिकृत दप्तरात घेतले. गिब्सनचा आकडा निघाला ३७२. चार कार्डांचा कॉब दुसऱ्या क्रमांकावर गेला.

सत्त्याहत्तर वर्षे उशिरा का होईना, नोंद दुरुस्त झाली. आमच्यासारख्या हिशेबनीसाला यात समाधान वाटते हे खरे. गिब्सनच्या लेकरांना त्याचा किती उपयोग झाला, हा प्रश्न निराळा.

ज्याने दार उघडले तो जॅकी रॉबिन्सन. त्याचे नाव काही वाचकांनी ऐकले असेल. पण आम्हाला त्याच्याआधी त्याच्या आईविषयी सांगायचे आहे. मॅली रॉबिन्सन ही जॉर्जियात बटाईने शेती करणाऱ्याची बायको. जॅकी सहा महिन्यांचा असताना नवरा सोडून गेला. पाच मुलांना घेऊन ही बाई १९२० साली आगगाडीने देशाच्या दुसऱ्या टोकाला, कॅलिफोर्नियातील पासाडेना येथे गेली आणि गोऱ्यांच्या घरची धुणीभांडी करून तिने पाचही मुले वाढविली. जॅकी विद्यापीठात चार-चार खेळ खेळला. १९४४ साली सैन्यात असताना बसच्या मागच्या बाकावर जाण्यास त्याने नकार दिला, म्हणून त्याच्यावर लष्करी न्यायालयात खटला झाला आणि तो निर्दोष सुटला. १५ एप्रिल १९४७ रोजी तो ब्रुकलिन डॉजर्स संघातून मेजर लीगमध्ये उतरला.

त्याच वर्षी एका ब्रेडच्या कंपनीने एकट्या रॉबिन्सनची तेरा कार्डे काढून ब्रेडसोबत वाटली. तंबाखू नाही, बबलगम नाही, रोजच्या खाण्याचा ब्रेड! ज्या घरात तोवर मैदानावरच्या गोऱ्यांचीच चित्रे येत होती, तेथे न्याहारीच्या टेबलावर हा चेहरा आला.

पण छायाचित्रावर फार विश्वास टाकू नये, हेही त्याच वर्षाने शिकविले. फिलाडेल्फिया संघाचा व्यवस्थापक बेन चॅपमन याने एप्रिलमध्ये रॉबिन्सनला भर मैदानात जातीवाचक म्हणावे तसल्या घाणेरड्या शिव्या दिल्या. बोभाटा झाला, तेव्हा मे महिन्यात त्याला रॉबिन्सनसोबत छायाचित्र काढून घ्यावे लागले. दोघांनी मिळून एक बॅट धरली आहे. हातात हात द्यावा लागू नये म्हणून ही बॅट! ज्याला मागची गोष्ट ठाऊक नाही त्याला वाटेल, काय छान दोस्ती आहे.

आता शंभर कोटींच्या कार्डाकडे येतो. ते मिकी मँटल याचे. ओक्लाहोमातील शिसे-जस्ताच्या खाणीत राबणाऱ्या कामगाराचा हा मुलगा. टॉप्स नावाच्या बबलगम कंपनीने १९५२ साली मोठा संच काढला, त्यात मँटल ३११ क्रमांकावर आणि त्याच्या लगेच पुढे, ३१२ वर, जॅकी रॉबिन्सन. हा शेवटचा भाग बाजारात उशिरा आला, बेसबॉलचा हंगाम सरत आला होता, माल पडून राहिला. १९६० साली गोदामात जागा हवी म्हणून कंपनीच्या साय बर्गर नावाच्या अधिकाऱ्याने उरलेल्या शेकडो पेट्या बोटीवर चढविल्या आणि समुद्रात बुडविल्या. दोन्ही कार्डांची थप्पी एकाच पाण्यात गेली. म्हणून जी उरली ती इतकी महाग. लिलावात सर्वांत जास्त भाव आला तो मात्र ३११ ला.

याच टॉप्सचा एक हिशेब आमच्या कामगार वाचकांसाठी मुद्दाम देतो. कार्डे लाखांनी खपत, आणि ज्याचे तोंड छापून ती खपत त्या खेळाडूला वर्षाला १२५ डॉलर. खप कितीही होवो, तेवढेच! १९६६ साली खेळाडूंच्या संघटनेत मार्विन मिलर हा माणूस आला. तो पोलाद कामगारांच्या युनियनमध्ये मुरलेला. त्याने कंपनीकडे वाढ मागितली, कंपनीने दाद दिली नाही. मग त्याने खेळाडूंना सांगितले, छायाचित्र काढू देऊ नका. बस्स! ना मोर्चा, ना घोषणा. छायाचित्रकार आला की पाठ फिरवायची. कंपनीला जुनीच छायाचित्रे पुन्हा पुन्हा छापावी लागली. १९६८ साली करार झाला. प्रत्येकाला वर्षाला २५० डॉलर, वर चाळीस लाख डॉलरपर्यंतच्या विक्रीवर आठ टक्के आणि त्यापुढच्या विक्रीवर दहा टक्के. म्हणजे विक्री चाळीस लाखांची झाली तर संघटनेकडे तीन लाख वीस हजार! आम्ही हा आकडा कचेरीत फळ्यावर मांडून दाखविला, तेव्हा मात्र कोणी हसले नाही.

सॅचेल पेज याला विसरून चालणार नाही. अलाबामातल्या धुणी धुणाऱ्या बाईचा हा मुलगा, लहानपणी रेल्वे स्टेशनवर हमाली करी. एका काठीला दोऱ्या बांधून एकावेळी अनेक पिशव्या उचली, म्हणून सॅचेल म्हणजे पिशवी हे नाव पडले. बाराव्या वर्षी चोरीच्या आरोपावरून सुधारगृहात गेला आणि तेथे चेंडू फेकायला शिकला. मेजर लीगने त्याला १९४८ साली घेतले तेव्हा बेचाळीस वर्षे पूर्ण झाली होती. त्या वयात त्याचे पहिले कार्ड! आणि १९५३ च्या कार्डावर तर टॉप्सने त्याचे नावच चुकीचे छापले, एक अक्षर जास्त. १९७१ साली कीर्तिमंदिरात त्याला घ्यायचे ठरले, पण निग्रो लीगवाल्यांसाठी वेगळे दालन करण्याचा बेत होता. वेगळा पाणवठा, दुसरे काय! लोकांनी ओरड केली तेव्हा कुठे तो बेत मागे पडला.

नावाचीच आणखी एक गोष्ट सांगून थांबतो. रॉबर्टो क्लेमेंटे हा पोर्तो रिकोचा कृष्णवर्णीय खेळाडू, वडील उसाच्या मळ्यावर मुकादम. १९५५ च्या पहिल्या कार्डावर त्याचे नाव नीट आले. पण १९५७ पासून दहा वर्षांहून अधिक काळ टॉप्सने त्याला 'बॉब' करून टाकले. अमेरिकन जिभेला सोपे पडावे म्हणून! तो स्वतःला रॉबर्टोच म्हणवून घेई आणि बॉब म्हटलेले त्याला रुचत नसे. १९७२ च्या हंगामात त्याने तीन हजारावा यशस्वी फटका मारला. त्याच डिसेंबरात निकाराग्वा देशात भूकंप झाला. पाठविलेली मदत भूकंपग्रस्तांपर्यंत पोहोचत नाही असे कळताच तो ३१ डिसेंबरच्या रात्री स्वतः सामानाच्या विमानात बसला. विमान उडाले आणि समुद्रात कोसळले. त्याचे शव सापडले नाही.

नवीन वर्षाचा संच निघाला. त्यात पन्नास क्रमांकावर त्याचे कार्ड होते. पोरांनी बबलगमच्या पुड्या फोडल्या तेव्हा त्यावर नाव छापलेले होते, रॉबर्टो क्लेमेंटे.